गाडी घरी ठेवून पुण्यात फिरता येईल का? पीएमपी, मेट्रो आणि रस्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांच्या बैठकांत, कॉलेजच्या कट्ट्यावर आणि खुद्द बसथांब्यावर हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. पीएमटी, पीएमपी आणि पीएमपीएमएल यांत फरक काय? बस चालवतं कोण?

पुण्याची पीएमटी 1950 पासूनची, पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी नंतरची. 2007 मध्ये दोन्ही एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड ही कंपनी झाली. तीच पीएमपीएमएल, बोलताना पीएमपी. जुने पुणेकर अजूनही पीएमटीच म्हणतात. कंपनीत पुणे महापालिकेचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40 टक्के आहे. तिकिटातून जो खर्च निघत नाही, तोही दोन्ही महापालिका याच प्रमाणात भरतात.

हे माहीत असलं की तक्रार योग्य दारात जाते. बस आली नाही, थांबली नाही, चालक-वाहकाबद्दल काही असेल तर पीएमपी. फुटपाथ, थांब्यासमोरचा खड्डा, दिवे असतील तर महापालिका. थांब्यावर लावलेल्या गाड्या आणि सिग्नल असतील तर वाहतूक पोलीस.

2. पुण्यात घरटी एक-दोन गाड्या आहेत. मग बस सुधारायची कुणासाठी?

सकाळी साडेसहाला कोथरूडच्या एखाद्या थांब्यावर उभं राहून उतरणारी माणसं बघा. धुणी-भांडी आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बायका, वॉचमन, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, सकाळच्या शाळेच्या शिक्षिका. यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी गाडी असली तरी ती एकच असते, आणि ती घरातला दुसरा कुणीतरी घेऊन गेलेला असतो. घरी गाडी असणं आणि आपल्या हातात गाडी असणं यात फरक आहे. तो घरातल्या बायकांना, कॉलेजला जाणाऱ्या मुलांना आणि सत्तरी ओलांडलेल्यांना बरोबर ठाऊक असतो.

आणि ज्यांच्या हातात गाडी आहे, तेही ती हौसेनंच चालवतात असं नाही. पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं. मग ते पेठांतून बाहेर पसरलं. महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं आली. या भागांत इमारती आधी उभ्या राहिल्या, रस्ते मागून आले आणि बस सगळ्यात शेवटी. ज्या कुटुंबानं ताबा मिळाला त्याच महिन्यात दुचाकी घेतली, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

3. एकच गोष्ट सुधारायची म्हटली तर कोणती?

फेऱ्या. नव्या रंगाच्या बस, थांब्यांवरचे चकचकीत फलक, वातानुकूलन हे सगळं नंतर.

अर्ध्या तासानं एक बस असेल तर सरासरी पंधरा मिनिटं थांबावं लागतं. वाटेत एकदा बस बदलायची असेल तर आणखी पंधरा. म्हणजे चाक फिरण्याआधीच अर्धा तास गेला. तीच बस दर दहा मिनिटांनी असेल तर दोन्हीकडे मिळून दहा मिनिटं जातात. बसचा वेग तोच, रस्ता तोच, तरी माणूस वीस मिनिटं आधी पोहोचतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भरवसा. दहा मिनिटांत बस येणारच हे ठाऊक असलं की वेळापत्रक बघावं लागत नाही, एक चुकली तर जीव टांगणीला लागत नाही. तो भरवसा नाही म्हणून माणूस दुचाकी काढतो. दुचाकी स्वस्त आहे म्हणून काढतो असं आपण समजतो, पण लोकांशी बोललं की पहिलं वाक्य हेच येतं: "बसचं काही खरं नसतं."

4. दर दहा मिनिटांनी बस द्यायची तर एका मार्गावर किती गाड्या लागतील?

कागद-पेन घेऊन कुणालाही करता येईल असा हा हिशेब आहे. समजा मार्ग 15 किलोमीटरचा आहे आणि गर्दीच्या वेळी बस ताशी 12 किलोमीटरनं चालते. जायला 75 मिनिटं, यायला 75, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं विसावा. एक फेरा 170 मिनिटांचा झाला. दर दहा मिनिटांनी बस सोडायची तर 17 गाड्या लागतील.

आता त्याच रस्त्यावर बसला मोकळी वाट मिळाली आणि वेग ताशी 18 किलोमीटर झाला असं धरा. जाण्या-येण्याची 100 मिनिटं आणि विसाव्याची 20, एकूण 120. आता 12 गाड्यांत तीच सेवा होते. पाच गाड्या, त्यांचे चालक आणि त्यांचं इंधन दुसऱ्या मार्गाला देता आलं, तेही एकही नवी बस न घेता.

बसला रस्त्यावर जागा द्या असा आग्रह का धरायचा, ते या हिशेबात आहे. सिग्नलला अडकलेली बस म्हणजे फुकट गेलेले चालकाचे तास.

5. मग बस पुरेशा आहेत की नाहीत?

नाहीत. केंद्र सरकारच्या नगरविकास खात्यानं ठरवलेल्या मोजपट्टीत चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकांमागे 0.6 बस धरल्या आहेत, म्हणजे लाखाला 60. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची 17 लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यावर हिशेब केला तरी सुमारे 2,900 बस होतात. प्रत्यक्षात रोज रस्त्यावर धावणाऱ्या बस गेली काही वर्षं दोन हजारांच्या आतच राहिल्या, आणि 2011 नंतर शहर कुठल्या कुठे पसरलं.

ताफ्यात किती बस आहेत हा आकडा बातमीत येतो. आज सकाळी डेपोतून किती बाहेर पडल्या आणि वाटेत किती बंद पडल्या, हे प्रवाशाच्या कामाचे आकडे. तेच मागत राहावेत.

6. अर्धा तास बस नसते आणि मग एकाच नंबरच्या तीन लागोपाठ येतात. हा निष्काळजीपणा नाही का?

बहुतेक वेळा नाही. पहिली बस कोंडीत पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, तिकिटं जास्त फाडावी लागतात, बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात, म्हणून ती वेगानं पुढे सरकते आणि पहिलीला गाठते. जगातल्या कुठल्याही शहरात हे होतं.

उपाय तीन आहेत. रस्त्यावरची अडवणूक कमी करणं (प्रश्न 7), चढण्या-उतरण्याचा वेळ कमी करणं, आणि नियंत्रण कक्षातून मागच्या बसला दोन मिनिटं थांबवून अंतर राखणं. सुट्ट्या पैशांवरून होणारी खोळंबा-खोळंबी यूपीआयनं बरीच कमी केली आहे. जीपीएस बसमध्ये आहेच. तो फक्त ॲपवर ठिपका दाखवण्यापुरता न राहता फेऱ्या सावरायला वापरला गेला पाहिजे.

7. बीआरटी (बससाठी राखून ठेवलेली वेगळी मार्गिका) पुण्यात फसली. मग पुन्हा बसमार्गिकेचं नाव कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रागानं येतो. राग समजण्यासारखा आहे.

डिसेंबर 2006 मध्ये स्वारगेट-कात्रज आणि हडपसर या रस्त्यांवर देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग सुरू झाला. मार्गिका सलग नव्हती. जिथे कोंडी जास्त, त्या चौकात ती संपायची. स्थानक रस्त्याच्या मधोमध, आणि तिथवर पोहोचायला वेगानं धावणाऱ्या गाड्यांतून वाट काढायची. लोकांच्या मनात बीआरटीची पहिली ओळख अशी बसली, ती आजतागायत पुसलेली नाही.

2015 मध्ये 'रेनबो बीआरटी' आली, आधी संगमवाडी-विश्रांतवाडी आणि मग सांगवी-किवळे. ही रचना पुष्कळ सुधारलेली होती. स्थानकाचा फलाट आणि बसची फरशी एका पातळीत, बसला उजव्या बाजूनंही दारं. आजीबाईंना पाय न उचलता बसमध्ये जाता येतं ही लहान गोष्ट नव्हे. पुढे मात्र मार्गिकेत खासगी गाड्या घुसू लागल्या, दारं बिघडली, रक्षक कमी झाले, आणि नगर रस्त्यावरचा काही भाग तर काढूनच टाकला गेला. दिल्लीनंही आपली बीआरटी 2016 मध्ये उखडली. अहमदाबादची जनमार्ग सेवा 2009 मध्ये सुरू झाली आणि टिकली.

माझं मत स्पष्ट आहे. पुण्यात मार्गिका बांधली गेली, ती राखली गेली नाही. नळाची तोटी गळते म्हणून कुणी नळजोडणी तोडत नाही. चौकातून सलग जाणारी मार्गिका, घुसणाऱ्याला कॅमेऱ्यावरून दंड आणि स्थानकापर्यंत सुरक्षित झेब्रा क्रॉसिंग एवढ्या तीन गोष्टी एका रस्त्यावर सलग वर्षभर पाळून बघाव्यात.

8. पेठांत रस्ताच नाही. तिथे मार्गिका कुठून काढणार?

तिथे काढायचीच नाही. पेठांसाठी लहान बस, थोड्या अंतराचे गोल मार्ग आणि रस्त्याच्या एका बाजूचं पार्किंग बंद, हे पुरेसं आहे. 2021 मध्ये 'पुण्यदशम' ही सेवा याच विचारानं सुरू झाली होती. मध्यवर्ती भागात लहान बस, दहा रुपयांत दिवसभर. कल्पना उत्तम होती, आणि मंडईत भाजी घेऊन दोन थांबे जाणाऱ्या माणसाला तिचं मोल कळत होतं. त्याच वर्षापासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळायला सुरुवात झाली. गाड्या नसलेल्या लक्ष्मी रस्त्यावर मुलांचा हात सोडून चालता येतं हे त्या दिवशी हजारो लोकांनी पाहिलं.

9. रस्ते रुंद केले, उड्डाणपूल बांधले की प्रश्न सुटणार नाही का?

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवा. कोंडीवर उपाय म्हणून बांधला आणि 2020 मध्ये पाडला. पूल किंवा रुंदीकरणानं मोकळा झालेला रस्ता बघून आधी बसनं, रेल्वेनं किंवा वेगळ्या वेळी जाणारे लोक गाडी काढतात, लांबच्या भागात घरं घेतात, आणि काही वर्षांत रस्ता पुन्हा भरतो. काही ठिकाणी पूल लागतातच, महामार्गाची वाहतूक शहराच्या वाहतुकीपासून वेगळी करायला तर नक्कीच. पण 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानंच सांगितलं आहे की हलवायची आहेत माणसं, वाहनं नव्हेत. साठ माणसं नेणाऱ्या 12 मीटरच्या बसला रस्त्यावर जेवढी जागा लागते, तेवढ्यात दोन, फार तर तीन कार मावतात.

10. आता मेट्रो आली आहे. बसची गरज कमी होणार ना?

उलट वाढणार. 6 मार्च 2022 ला वनाज-गरवारे कॉलेज आणि पिंपरी-फुगेवाडी हे दोन तुकडे सुरू झाले. ऑगस्ट 2023 मध्ये ते जिल्हा न्यायालय स्थानकात जोडले गेले, मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीला आणि 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटला पोहोचली. दोन्ही मार्ग मिळून सुमारे 33 किलोमीटर. वनाजहून रामवाडीला ती ज्या वेळात नेते, त्या वेळात गर्दीच्या तासाला दुचाकीही नेत नाही.

पण मेट्रोची रेघ एका जागी असते आणि घरं चहूकडे. वारजे, धायरी, उंड्री, वाघोली इथल्या माणसाला मेट्रोपर्यंत आणणारी बसच असणार. म्हणून बसचे मार्ग नव्यानं आखायला हवेत. मेट्रोला समांतर धावणाऱ्या काही फेऱ्या कमी करून त्या बस स्थानकापासून आत वस्त्यांकडे वळवायच्या. एका अटीवर, की बदलाच्या ठिकाणी थांबणं पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ नये. नाहीतर ज्याला आज थेट बस आहे, त्याच्या पदरी दोनदा ताटकळणं येईल (प्रश्न 3).

11. मासिक पास काढणं परवडतं का?

तुमच्या अंतरावर आहे. जून 2025 पासूनच्या दरांनुसार पहिल्या पाच किलोमीटरला 10 रुपये, दहापर्यंत 20, पंधरापर्यंत 30. दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दैनंदिन पास 70 रुपये आणि मासिक 1,500.

रोज जाऊन-येऊन दोनच प्रवास असतील आणि अंतर दहा किलोमीटरच्या आत असेल, तर दिवसाला फार तर 40 रुपये होतात. सव्वीस दिवस कामाला गेलात तरी 1,040. पास तोट्याचा. अंतर दहा ते पंधरा किलोमीटर असेल तर पंचविसाव्या दिवशी पासचे पैसे वसूल होतात. बस बदलावी लागत असेल तर हिशेब लगेच पालटतो, कारण दुसऱ्या बसचं तिकीट पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ज्याला थेट बस नाही, त्याला वेळही जास्त लागतो आणि पैसेही जास्त पडतात. दीड-दोन तासांत कितीही बस बदला, मेट्रो धरा, तिकीट एकच, अशी सोय पुण्याला हवी आहे.

12. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. पीएमपीत वाहक ते का देत नाहीत?

कारण ती सवलत राज्य सरकारनं एसटी महामंडळासाठी मार्च 2023 मध्ये आणली. पीएमपी वेगळी कंपनी आहे (प्रश्न 1), तिचे दर आणि सवलती वेगळ्या. 75 वर्षांवरच्यांचा एसटीतला मोफत प्रवासही पीएमपीला लागू नाही. त्यावरून वाहकाशी वाद घालू नका, त्याच्या हातात ते नाही. महिलांसाठीच्या तेजस्विनी बसमध्ये दर महिन्याच्या 8 तारखेला महिलांना तिकीट लागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

13. मग सगळ्यांनाच बस मोफत का करू नये?

एस्टोनियाच्या टॅलिन शहरानं 2013 मध्ये आपल्या रहिवाशांसाठी आणि लक्झेंबर्गनं 2020 मध्ये देशभर हे केलं. कर्नाटकानं जून 2023 पासून महिलांना सरकारी बस मोफत केली. महिलांसाठीच्या योजनेच्या मी पूर्ण बाजूनं आहे. वीस रुपये वाचवायला तीन किलोमीटर चालत जाणाऱ्या बाईला ती कामाची संधी देते. पण सरसकट सगळ्यांना मोफत करण्याआधी पुण्यात तो पैसा फेऱ्यांवर खर्च व्हावा. गाडीवाला माणूस तिकीट महाग म्हणून बस टाळत नाही. न आलेली मोफत बस कुणाच्याच उपयोगाची नाही.

14. पीएमपी कायम तोट्यात. ती चालवायचीच कशाला?

ज्याला तोटा म्हणतात, तो शहरानं सेवेसाठी केलेला खर्च आहे. रस्ते, पथदिवे, बागा, अग्निशामक दल यांच्याकडून आपण नफा मागत नाही. बसमुळे जी दुचाकी रस्त्यावर आली नाही, जो अपघात टळला, त्याची नोंद ताळेबंदात होत नाही.

याचा अर्थ खर्चाची तपासणी नको असा नाही. पीएमपीच्या बऱ्याच बस आता ठेकेदाराच्या आहेत. चालक ठेकेदाराचा, वाहक पीएमपीचा, आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरप्रमाणे. या पद्धतीत बस भरलेली असो वा रिकामी, थांब्यावर थांबो वा न थांबो, मोबदला तोच. म्हणून करारात वक्तशीरपणा, थांबे चुकवणं आणि बंद पडणं यांवर कपात हवी, आणि ती खरोखर कापली जाते का हे लोकांना दिसायला हवं. चालकाचा पगार वेळेवर झाला की नाही, हेही त्याच कागदावर हवं.

15. पार्किंगचा बसशी काय संबंध?

थेट संबंध आहे. परवा संध्याकाळी एका थांब्यावर उभी होते. थांब्यासमोर एक कार, चार स्कूटर आणि एक फळांची हातगाडी. बस आली ती दुसऱ्या रांगेत थांबली, कडेला यायला जागाच नव्हती. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी फूटभर उंच फुटपाथवरून कशाबशा उतरल्या, दोन स्कूटरच्या मधून साडी सावरत गेल्या. बस रस्त्याच्या मध्ये उभी असल्यानं तिची पायरी त्यांच्या गुडघ्याइतकी वर आली. वाहकानं हात दिला, "सावकाश आजी, गाडी कुठं जात नाही." मागे हॉर्नचा गदारोळ. पूर्ण मिनिट गेलं. असे तीस थांबे धरले की बसला उशीर का होतो ते कळतं.

2018 मध्ये पुणे महापालिकेनं पार्किंग धोरण मंजूर केलं, पाच रस्त्यांवर पैसे घेऊन पार्किंगनं सुरुवात करायचं ठरलं, आणि वर्षानुवर्षं ते कागदावरच राहिलं. माझी मागणी त्याहून साधी आहे. प्रत्येक थांब्याच्या मागे-पुढे बसला कडेला लागता येईल एवढी जागा रंगवून मोकळी ठेवा.

16. रात्री अकराला शिफ्ट सुटते. बसवर अवलंबून राहू का?

सगळ्या मार्गांवर नाही. मोजक्या मार्गांवर 'रातराणी' बस धावतात. तुमचा मार्ग त्यांत आहे का आणि आजही फेरी चालू आहे का, हे पीएमपीच्या ॲपवर किंवा डेपोत आधी विचारून घ्या. दुपारी बसनं जायचं आणि रात्री रिक्षानं यायचं असं बरेच जण करतात. पण रात्रीची शेवटची बस पक्की नसली की माणूस सकाळपासूनच गाडी काढतो. शेवटच्या फेरीत चार प्रवासी असले तरी ती चालवली पाहिजे, कारण तिच्या भरवशावर सकाळचे कित्येक जण बसमध्ये बसतात.

17. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला बसनं जाता येतं का?

खालच्या फरशीच्या बसमध्ये चढता येतं, 2019 पासून आलेल्या विजेच्या बसमुळे अशा बस वाढल्या. अडतं ते थांब्यापर्यंत पोहोचताना, तुटक्या फुटपाथवर आणि उतार नसलेल्या कडांवर. मेट्रोत लिफ्ट आहे. जमिनीखाली सुमारे 33 मीटर असलेल्या जिल्हा न्यायालय स्थानकातही खाली-वर जाता येतं, पण बाहेर पडल्यावरच्या पहिल्या पन्नास पावलांत अडकायला होतं.

18. मी एकटी व्यक्ती काय करू शकते?

तक्रार लिहाल तेव्हा मार्ग क्रमांक, बसवरचा गाडी क्रमांक, थांबा, दिशा, तारीख आणि वेळ या सहा गोष्टी लिहा. "बस कधीच येत नाही" असं लिहिलेल्या तक्रारीवर कुणालाच काही करता येत नाही. सोसायटीतल्या दहा जणांनी आठवडाभर एकाच थांब्यावरच्या बसच्या वेळा वहीत टिपल्या, तर ती वही डेपो व्यवस्थापकासमोर ठेवता येते, आणि तिला उत्तर द्यावं लागतं.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत 2006-07 पासून आहे. मुदत पावसाळ्याच्या सुमारास जाहीर होते. थांब्याची शेड, बाक, फुटपाथचा उतार, दिवा अशी छोटी कामं तिथे मागता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना थांब्याचा फोटो जोडा, आणि पोच घ्यायला विसरू नका.